पहिली हाफ मॅरेथॉन: रेसच्या दिवसाची तयारी नेमकी कशी करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पहिली हाफ मॅरेथॉन अडीच आठवड्यांवर आली आहे. सरावात एकदा १८ किमी धावून झालं आहे. सव्वादोन तासांत संपवायची इच्छा आहे. रेसच्या आधी एकदा पूर्ण २१ किमी धावून बघावं का, आदल्या दिवशी आणि सकाळी काय खावं-प्यावं, आणि सोबत धावणारे सांगतात तसं सुरुवातीलाच वेग ठेवून थोडा वेळ वाचवून ठेवावा का, म्हणजे शेवटी दमल्यावर तो कामी येईल?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीची सगळी तयारी त्याच्यासाठीच असते. सुरुवातीला वाचवलेला वेळ शेवटी कामी येत नाही. पहिल्या पाच किलोमीटरमध्ये प्रत्येक किलोमीटरला पंधरा सेकंद वाचवलेत, तर हाती लागतो सव्वा मिनिट. त्याची भरपाई सोळाव्या किलोमीटरनंतर पाय जड झाले की प्रत्येक किलोमीटरला मिनिटभर जास्त देऊन करावी लागते. मी अनेक वर्षं नवख्या धावपटूंना रेससाठी तयार करते आहे. सराव नीट झालेला असूनही रेस फसलेली माणसं पाहिली, तर बहुतेकांची रेस पहिल्या अर्ध्या तासातच फसलेली असते, फक्त ते कळतं दीड तासानंतर. म्हणून त्या सकाळी तुमचं एकच काम आहे: सुरुवातीला हात राखून धावणं. हे जमायला डोकं शांत लागतं, आणि डोकं शांत राहायला बाकीचे सगळे निर्णय आधीच झालेले असावे लागतात.

पूर्ण २१ किमी आधी धावून बघायची गरज नाही. १८ किमी आरामात झाले असतील तर उरलेले तीन किमी रेसच्या दिवशी होतात. केलेल्या सरावाचा फायदा अंगात उतरायला साधारण दहा-पंधरा दिवस जातात. म्हणजे आता केलेल्या जादा मेहनतीचा थकवा रेसला सोबत येईल, फायदा मात्र रेसपर्यंत पूर्ण मिळेलच असं नाही. या रविवारी १२ ते १४ किमीचा एक निवांत लाँग रन करा आणि तिथून टेपर, म्हणजे रेसआधी सराव हळूहळू कमी करणं, सुरू करा. पुढच्या आठवड्यात एकूण अंतर नेहमीच्या साठ-सत्तर टक्क्यांवर आणा, रेसच्या आठवड्यात निम्म्याच्या आत. अंतर कमी करा, पण सगळं धावणं एकदम संथ करू नका. आठवड्यातून एकदा दोन-तीन किमी रेसच्या पेसने (एका किलोमीटरला रेसमध्ये जेवढा वेळ लागणार तेवढ्यात) धावा, म्हणजे पायांना तो वेग ओळखीचा राहतो. धावण्याचे दिवसही फार कमी करू नका, फक्त प्रत्येक रन छोटा करा.

टेपरमध्ये एक गोष्ट जवळजवळ प्रत्येकाला जाणवते. गुडघा दुखतोय असं वाटतं, पोटरी ओढल्यासारखी वाटते, दोन दिवस कमी धावलं तर सगळी तयारी वाया गेली असं मनात येतं. मोकळा वेळ वाढला की लक्ष शरीराकडे जातं, एवढंच ते असतं. दुखणं धावताना वाढत असेल किंवा त्यामुळे चाल बदलत असेल तरच दाखवून घ्या. नाहीतर त्याकडे लक्ष देऊ नका आणि त्या काळजीपोटी नवे व्यायाम, नवा मसाज असलं काहीही सुरू करू नका.

आता सव्वादोन तासांचं गणित. आधी ते लक्ष्य तुमचं आहे का, हे तपासा. अलीकडे १० किमी जोर लावून धावला असाल तर त्या वेळेला २.२ ने गुणा. पीट रीगल या अमेरिकी अभियंत्याने १९७७ मध्ये मांडलेल्या सूत्रावरून हा आकडा येतो आणि हाफसाठी तो बऱ्यापैकी खरा ठरतो. १० किमी ६१ मिनिटांत होत असतील तर सव्वादोन तास शक्य आहेत. ६६ मिनिटं लागत असतील तर अंदाज २ तास २५ मिनिटांचा येतो, आणि तसं असेल तर लक्ष्य आत्ताच बदला. रेसमध्ये तेराव्या किलोमीटरला बदलावं लागलं तर ते फार जिव्हारी लागतं. पहिल्याच रेसमध्ये या अंदाजात आणखी दोन-तीन मिनिटं धरली तरी काही बिघडत नाही.

सव्वादोन तास म्हणजे सरासरी ६:२४ चा पेस. पण मी तुम्हाला पेस पाठ करायला सांगणार नाही, चार आकडे सांगेन: ३३, ६५, ९७, ३८. पाच किमीचा फलक ३३ मिनिटांना ओलांडायचा, दहाचा ६५ ला, पंधराचा ९७ ला, आणि उरलेले सहा किमी आणि थोडे मीटर ३८ मिनिटांत. म्हणजे पहिले पाच किमी ६:३६ ने, मधले दहा ६:२४ ने आणि शेवटचे ६:१४ च्या आसपास. हे आकडे पेनने मनगटाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, दमल्यावर बेरजा होत नाहीत. शेवटी वेग वाढला नाही आणि तोच ६:२४ टिकला, तरी तुम्ही सव्वादोनच्या मिनिटभर पलीकडे असाल. उलट, पहिले पाच ३० मिनिटांत काढणाऱ्याचा शेवट सांगता येत नाही.

हे फक्त नवख्यांना लागू आहे असं समजू नका. एलियुड किपचोगेने २०१८ मध्ये बर्लिनला २:०१:३९ असा मॅरेथॉनचा विश्वविक्रम केला, तेव्हा पहिला अर्धा भाग ६१:०६ मध्ये आणि दुसरा ६०:३३ मध्ये धावला. केल्विन किप्टमने २०२३ मध्ये शिकागोत २:००:३५ नोंदवून विश्वविक्रम आणखी खाली आणला, तोही पहिला भाग ६०:४८ आणि दुसरा ५९:४७ असा. जगातले सर्वात वेगवान लोकही पुढच्या भागासाठी राखून ठेवतात.

घड्याळाबद्दल एक सूचना. जीपीएस घड्याळावर रेसचं अंतर २१.१ नाही, तर २१.३ किंवा २१.४ किमी दिसेल. आयोजकांनी मोजमाप चुकीचं केलं असं तेव्हा अनेकांना वाटतं, पण प्रमाणित रेसचा मार्ग वळणांवर सर्वात जवळच्या रेषेने मोजलेला असतो, शिवाय तो कमी भरू नये म्हणून त्यात हजारात एक भाग वाढवलेला असतो. आपण मात्र गर्दीत डावीकडे-उजवीकडे सरकत, वळणांवर बाहेरून धावतो, आणि घड्याळाचा स्वतःचा फरक वेगळाच. त्यामुळे घड्याळ ६:२४ दाखवत राहिलं तर तुम्ही सव्वादोनला पोहोचणार नाही, त्यावर सरासरी ६:२० दिसायला हवा. म्हणूनच म्हणते, रस्त्यावरच्या फलकांशी वेळ ताडून बघा. आणि निकालात दोन वेळा येतात, एक बंदुकीपासून मोजलेली आणि एक तुमच्या चिपने (सोबत असलेलं, वेळ नोंदवणारं छोटं यंत्र) स्टार्टची रेषा ओलांडल्यापासूनची. तुमचं लक्ष्य दुसरीवर धरा, म्हणजे मागे उभं राहावं लागल्याची घाई वाटणार नाही.

खाण्याबद्दल लोक फार टोकाला जातात. स्नायूंमध्ये आणि यकृतात मिळून साधारण चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन (कर्बोदकांचा साठा) साठतं, म्हणजे दोन हजारांच्या जवळपास कॅलरी. धावताना किलो वजनामागे, किलोमीटरमागे साधारण एक कॅलरी लागते. तुमचं वजन ६५ किलो असेल तर हाफला चौदाशेच्या आत-बाहेर, आणि त्यातल्या काही चरबीतून येतात. म्हणजे टाकी पूर्ण असेल तर हाफ निभते. फुल मॅरेथॉनला वजनाच्या किलोमागे रोज दहा-बारा ग्रॅम कर्बोदकं दीड-दोन दिवस खायला सांगतात, तेवढ्याची तुम्हाला गरज नाही. आदला दिवस आणि त्याआधीची रात्र, ताटात भात, बटाटा, ब्रेड अशा गोष्टींचा वाटा वाढवा आणि तेल-तूप, कडधान्यं, सालासकटच्या भाज्या, कच्ची कोशिंबीर यांचा कमी करा. एकूण जेवण वाढवायचं नाही, त्यातली वाटणी बदलायची. मोठं जेवण आदल्या दिवशी दुपारी घ्या, रात्रीचं लवकर आणि हलकं असू द्या. सकाळी वजन किलोभर जास्त भरलं तर घाबरू नका, एक ग्रॅम ग्लायकोजेन सोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं.

सकाळचा नाश्ता चुकवू नका. रात्रभरच्या झोपेत यकृतातला साठा उतरलेला असतो आणि तो भरून काढायचा असतो. स्टार्टच्या अडीच-तीन तास आधी वजनाच्या किलोमागे दीड-दोन ग्रॅम कर्बोदकं पुरे होतात. फार पहाटे स्टार्ट असेल तर त्यासाठी मध्यरात्री उठू नका. दीड तास आधी दोन ब्रेडचे स्लाइस, जॅम आणि एक केळं एवढं खा. काय खायचं यापेक्षा ते याआधी लाँग रनच्या सकाळी खाऊन पाहिलेलं आहे का, हे जास्त महत्त्वाचं. रविवारचा १४ किमीचा रन त्यासाठी वापरा. तोच अलार्म, तोच नाश्ता, तेच कपडे, तेच जेल (धावताना खायचं, पुडीतलं कर्बोदकांचं घट्ट मिश्रण). रोज कॉफी पीत असाल तर त्या दिवशीही प्या, पीत नसाल तर त्या दिवशी सुरू करू नका.

पाण्याच्या बाबतीत कमी पिण्याची भीती सगळ्यांना असते, जास्त पिण्याची कुणालाच नसते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये फिनिशनंतर ज्यांचं रक्त तपासलं, त्यांतल्या १३ टक्के धावपटूंच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीखाली गेलेलं आढळलं, आणि रेसमध्ये ज्यांचं वजन वाढलं होतं त्यांच्यात हे प्रमाण जास्त होतं. म्हणजे घामावाटे जेवढं गेलं त्याहून जास्त ते प्यायले होते. सावकाश धावणाऱ्यांना हा धोका अधिक, कारण त्यांच्याकडे पाणी प्यायला वेळही जास्त असतो. स्टार्टच्या दोन तास आधी तीनशे-चारशे मिलिलिटर प्या आणि मग थांबा, म्हणजे ऐन वेळी रांगेत उभं राहावं लागणार नाही. धावताना तहान लागेल तसे दोन-चार घोट घ्या. उन्हाळा असेल, घाम फार येत असेल तर काही टेबलांवर साध्या पाण्याऐवजी इलेक्ट्रोलाइट (क्षार घातलेलं पेय) घ्या.

जेल घेणार असाल तर पहिलं चाळिसाव्या मिनिटाला, दुसरं ऐंशीच्या आसपास. एका जेलमध्ये वीस-पंचवीस ग्रॅम कर्बोदकं असतात, तासाला तीस ते साठ ग्रॅम पोटाला सोसतात. जेल साध्या पाण्याबरोबर घ्या, गोड पेयाबरोबर घेतलं तर पोटात साखर दाट होते आणि मळमळतं. पाण्याचं टेबल दिसायला लागलं की आधी जेल फोडा. टेबलांची रांग असेल तर तिच्यातल्या पहिल्या टेबलावर सगळे तुटून पडतात, तुम्ही त्याच रांगेतल्या शेवटच्या टेबलावरून घ्या. ग्लास कागदी असेल तर वरची कड चिमटीत दाबून चोचीसारखी करा आणि दहा पावलं चालत प्या. त्या दहा पावलांनी तुमचे चार-पाच सेकंद जातील, पण पाणी नाकात जाऊन ठसका लागला तर जास्त जातील.

सामान आदल्या संध्याकाळी मांडायचं. बूट, मोजे, कपडे, बिब (छातीवर लावायचा रेस नंबरचा कागद), पिना, घड्याळ, जेल, व्हॅसलीन, टोपी, सगळं एका जागी. बिब टी-शर्टला आत्ताच लावा, पण टी-शर्ट जमिनीवर पसरून नाही, अंगात घालून. पसरून लावलेला बिब घातल्यावर वर तरी सरकतो किंवा ताणला तरी जातो. तो पोटाच्या वर यायला हवा, आणि गुडघा उचलल्यावर खालची कड मांडीला लागता कामा नये. चारही कोपऱ्यांना पिन हवी, दोनच लावल्या तर वाऱ्याने तो तासभर फडफडत राहतो. मागे चिप चिकटवलेली असेल तर घडी घालू नका. बिबच्या मागच्या बाजूला नाव, रक्तगट, घरच्या माणसाचा फोन नंबर, आणि काही आजार किंवा औषध चालू असेल तर ते लिहा. याला दोन मिनिटं लागतात, तरी बहुतेक जण ती जागा कोरी सोडतात. कृपा करून तुम्ही सोडू नका.

बूट आणि मोजे किमान दोन लाँग रन झालेलेच हवेत. एक्स्पोमध्ये (रेसआधीच्या प्रदर्शनात) घेतलेले नवे बूट, तिथे मिळालेला नवा टी-शर्ट, हे रेसनंतर वापरा. पायाची नखं चार दिवस आधी कापा, आदल्या रात्री कापली आणि एखादं खोल गेलं तर ते एकवीस किमी टोचत राहतं. व्हॅसलीन काखेत, मांड्यांच्या आत, पायाच्या बोटांमध्ये आणि कपड्याची शिवण जिथे जिथे घासते तिथे लावा. स्पोर्ट्स ब्राच्या पट्ट्याखाली बायकांनी, स्तनाग्रांवर पुरुषांनी, आणि पुरुषांनी तिथे टेप लावली तर आणखी चांगलं. घासून सोलवटल्याचं धावताना कळतही नाही, घरी आंघोळीचं पाणी अंगावर पडलं की कळतं. कपडे मात्र स्टार्टला थोडी थंडी वाजेल इतके कमी असू द्या, धावायला लागल्यावर हवा दहा अंशांनी जास्त आहे असं धरून ते निवडायचे. थांबताना अंगावर एखादा जुना शर्ट चालेल.

आदल्या रात्री झोप लागणार नाही. लागली तर उत्तम, पण नाही लागली म्हणून काही बिघडत नाही. त्याच्या आधीची रात्र महत्त्वाची असते, त्या दिवशी लवकर झोपा.

सकाळी स्टार्टच्या तासभर आधी पोहोचा आणि आल्या आल्या शौचालयाच्या रांगेत उभे राहा, जायचं वाटत असो वा नसो. रांग शेवटच्या वीस मिनिटांत दुप्पट होते. पंधरा मिनिटं आधी पाच-सात मिनिटं हळू जॉगिंग करा, पाय पुढे-मागे झुलवा, दोनदा शंभर मीटर थोडं वेगाने धावा. स्नायू ताणून धरण्याचे व्यायाम आत्ता नकोत. मग बुटांच्या लेस सोडून पुन्हा बांधा आणि दुहेरी गाठ मारा, पाय तोवर थोडे फुगलेले असतात. स्टार्टला तुमच्या वेगाच्या लोकांमध्ये उभे राहा, पुढे घुसू नका.

आणि मग बंदूक. टेपरमुळे पाय ताजे आहेत, आजूबाजूला ओरडा आहे, सगळे पुढे पळतायत, अशा वेळी ६:३६ चा पेस चालल्यासारखा वाटेल. पहिल्या किलोमीटरला घड्याळ ५:५० दाखवेल आणि दमही लागलेला नसेल. हाच तो क्षण आहे. वेग कमी करा, अगदी चुकल्यासारखं वाटलं तरी. तुमच्या मागून आलेले दोनशे लोक पुढे जातील, जाऊ द्या. गर्दीत नागमोडी काढत पुढे जायचं नाही. एकमेकांशी पूर्ण वाक्यं बोलता येतील इतकंच पाच किमीपर्यंत धावा. पेसरच्या (ठरलेल्या वेळेत रेस संपवून देण्यासाठी सोबत धावणाऱ्याच्या) मागे राहणार असाल तर तोही पाचच्या फलकाला ३३ च्या आसपास आहे ना, ते बघा. तो फार पुढे असेल तर त्याला सोडा.

दहा ते पंधरा हा भाग एकटा आणि कंटाळवाणा असतो. सुरुवातीचा उत्साह संपलेला, फिनिश लांब. इथे पेस घसरतो तो दमल्यामुळे नाही, लक्ष उडाल्यामुळे. प्रत्येक फलकाला आपली वेळ बघा, खांदे खाली सोडा, मुठी सैल करा. पंधराला ९७ मिनिटांच्या आसपास असाल आणि अजून बोलता येत असेल तर आता जोर लावा. तिथून पुढे तुम्ही लोकांना मागे टाकत जाल. पहिल्याच रेसमध्ये हे अनुभवायला मिळावं असं मला मनापासून वाटतं.

ऊन असेल तर हे सगळे आकडे विसरा. उष्णता आणि दमटपणा वाढला की त्याच वेगाला हृदयाचे ठोके चढत जातात. सुरुवातीपासून किलोमीटरला वीस-तीस सेकंद कमी वेगाने धावा. छातीत दुखणं, चक्कर, उन्हात अंगावर काटा येणं, डोकं गरगरून कुठे आहोत ते न कळणं, यांतलं काहीही झालं तर तिथल्या तिथे थांबा आणि मदत मागा. कुणी दुसरा धावपटू तसा दिसला तर त्याच्यासाठीही थांबा. आदल्या दिवशी ताप असेल तर स्टार्टला जाऊच नका. आणि दुखू नये म्हणून आधीच आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेण्याची पद्धत आहे, ती पूर्णपणे टाळा. धावताना मूत्रपिंडांकडे रक्त आधीच कमी जात असतं, त्यात गोळीची भर पडते.

फिनिशची रेषा ओलांडली की थांबू नका, बसू नका. पायांचे स्नायू थांबले की रक्त पायांतच साचतं, मेंदूकडे कमी जातं आणि माणूस कोसळतो. दहा-पंधरा मिनिटं चालत राहा. तरी गरगरलं तर आडवे व्हा आणि पाय उंच ठेवा, काही मिनिटांत बरं वाटतं. ओले कपडे लगेच बदला, तासाभरात नीट जेवा. मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त दुखतील, विशेषतः जिने उतरताना. जिना सहज उतरता यायला लागला की अर्धा तास हळू धावायला हरकत नाही, जोराचा सराव मात्र दहा दिवसांनंतरच.